मीटरमागची फळी कोणाची?

संपादक महोदय,

जुन्या इमारतीला आग लागल्याच्या बातमीत 'मीटर बॉक्समधील शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की, तो बॉक्स कोणाचा होता आणि जुना झाला होता तर तो बदलायचा कोणी, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. गेले वर्षभर मी या एकाच प्रश्नामागे आहे. मुंबईच्या उपनगरातील सोळा सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. आमची इमारत १९७४ मधली, तळमजला अधिक तीन मजल्यांची आणि लिफ्ट नसलेली आहे. या खटाटोपात जे हाती लागले ते इतर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आणि जुन्या घरांत राहणाऱ्या वाचकांना उपयोगी पडावे म्हणून, पत्र नेहमीच्या मर्यादेपेक्षा लांबले असले तरी, आपल्याकडे पाठवत आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री जिन्याखालच्या मीटर रूममधून जळक्या रबराचा वास येऊ लागला. दार उघडून विजेरीच्या उजेडात पाहिले तेव्हा तिसऱ्या रांगेतील एका कटआऊटची, म्हणजे मीटरच्या आधीच्या फ्यूजची, पांढरी चिनी माती, न विसळलेल्या चहाच्या कपासारखी, तपकिरी पडलेली दिसली. त्याच्या खालच्या स्क्रूतून निघालेल्या वायरीवरचे कापडी वेष्टन आणि त्याखालचे रबर तडकून गळले होते, आणि मागच्या लाकडी फळीवर तळहाताएवढा काळा डाग पडला होता. त्या सदनिकेत एसी सुरू होता. तो बंद करायला लावल्यावर वास हळूहळू कमी झाला. वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केल्यानंतर पाऊण तासात लाइनमन आला, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढच्या घोळात त्याचा काहीही दोष नव्हता. भर पावसात आलेल्या त्या माणसाने वायरीचे जळके टोक कापले, कटआऊट बदलला, स्क्रू आवळले आणि न सांगता शेजारच्या दोन कटआऊटचे स्क्रूही पाहून घेतले. जाताना तो म्हणाला, "साहेब, मीटर आमचा, कटआऊट आमचा. ही फळी आणि पत्र्याची पेटी तुमची. लवकर बदलून घ्या, पुढच्या वेळी वास येईपर्यंत थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या परवानाधारक वायरमनला बोलावले. त्याने पेटी बाहेरूनच पाहिली आणि हात मागे घेतला. "काका, पेटीला कंपनीचं सील आहे. मी ते तोडलं तर चोरीची केस तुमच्यावर होईल आणि माझं लायसन्स जाईल. आधी कंपनीकडून लिहून आणा." मी कंपनीच्या विभागीय कार्यालयात गेलो. तेथे मला सांगण्यात आले की, मीटरची पेटी, फळी आणि जोडवायरी संस्थेने स्वखर्चाने बदलायच्या, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडायचा, मग कंपनी मीटर नव्या पेटीत हलवून देईल. हेच मला लेखी द्या, अशी विनंती केल्यावर तसे लेखी देण्याची पद्धत नसल्याचे उत्तर मिळाले. ठेकेदाराने नव्या पेट्या, बसबार (वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि मीटरपासून प्रत्येक घरापर्यंतच्या केबलींसह दोन लाख चाळीस हजारांचे अंदाजपत्रक दिले, म्हणजे सदनिकेमागे पंधरा हजार. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत ते मांडताच आमच्या सर्वात ज्येष्ठ सभासद उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मीटरचं भाडं भरलं. आता मीटरच्या फळीचंही आम्हीच भरायचं का?"

त्यांचा प्रश्न सभेने हसण्यावारी नेला. मी मात्र घरी जाऊन जुन्या फायली काढल्या. त्यात खरोखरच जुनी बिले निघाली आणि त्यांवर 'मीटर भाडे' असा वेगळा रकाना होता. ज्या वस्तूचे भाडे घेतले जाते ती भाडे घेणाऱ्याच्या मालकीची असते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. पण बिल्डरच्या नावावरची १९७४ मधली जी एकमेव पावती सापडली तीवर 'सर्व्हिस कनेक्शन' एवढाच उल्लेख होता. फळी कोणी आणली आणि कोणी ठोकली याचा पत्ता नव्हता. त्या काळी वायरिंग करणारा ठेकेदारच मीटर बोर्ड भिंतीवर लावून ठेवत असे आणि कंपनीचा माणूस येऊन त्यावर कटआऊट आणि मीटर बसवत असे, असे जुने वायरमन सांगतात. असे असेल तर कंपनीच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

तथापि नियमांचे शब्द वेगळेच सांगतात. आमच्या इमारतीला वीज मिळाली तेव्हा भारतीय विद्युत नियम, १९५६ लागू होते. त्यांतील नियम ३० प्रमाणे ग्राहकाच्या जागेत असलेल्या, पण पुरवठादाराच्या मालकीच्या किंवा त्याच्या नियंत्रणाखालील सर्व वाहिन्या, तारा, फिटिंग्ज आणि उपकरणे सुरक्षित व वीजपुरवठ्यास सर्व दृष्टींनी योग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी पुरवठादाराची होती. नियम ३१ त्याहून नेमका होता. अर्थ केलेला न्यूट्रल (जमिनीला जोडलेली परतीची तार) वगळता सर्व्हिस लाइनच्या, म्हणजे पुरवठादाराकडून ग्राहकाच्या जागेपर्यंत येणाऱ्या जोडणीच्या, प्रत्येक वाहकावर पुरवठादाराने योग्य कटआऊट द्यायचा, तो ग्राहकाच्या जागेत हात पोहोचेल अशा ठिकाणी असायचा आणि पुरेशा बंदिस्त, अग्निरोधक पेटीत ठेवलेला असायचा. एकाच सर्व्हिस लाइनवर अनेक ग्राहक असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र कटआऊट द्यायचा. लाकडी फळीवर उघडा बसवलेला कटआऊट हा, माझ्या वाचनाप्रमाणे, ज्या दिवशी बसवला त्याच दिवशी या नियमात बसत नव्हता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षा व वीजपुरवठ्याविषयीचे विनियम केले तेव्हा 'कटआऊट'च्या जागी 'स्विचगिअर' (स्विच, फ्यूज यांसारखी वीज तोडणारी उपकरणे) हा शब्द आला. अग्निरोधक पेटीची अट आणि ती पुरवठादाराने पाळायची हे दोन्ही तसेच राहिले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी आपल्या मालमत्तेची सुरक्षितता पुरवठादाराने पाहायची हे तत्त्व बदललेले नाही.

ग्राहकावर १९५६ च्या नियमांनी दोन गोष्टी सोपवल्या होत्या. आपल्या जागेतील पुरवठादाराच्या उपकरणांची 'परिस्थितीनुसार शक्य तितकी' काळजी घ्यायची आणि स्वतःच्या ताब्यातील वायरिंग सुरक्षित ठेवायचे. मग सीमारेषा नेमकी कोठे? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००५ च्या वीजपुरवठा संहितेत घरगुती ग्राहकाचा पुरवठा बिंदू म्हणजे ग्राहकाच्या जागेतील कंपनीच्या कटआऊटचे बाहेर जाणारे टर्मिनल, अशी व्याख्या होती. प्राधिकरणाच्या विनियमांत मात्र पुरवठ्याचा आरंभबिंदू म्हणजे ग्राहकाने बसवलेल्या स्विचगिअरचे आत येणारे टर्मिनल. आमच्या मीटर रूममध्ये आधी कटआऊट, मग मीटर आणि मग घराकडे जाणारी वायर असा क्रम आहे. एका व्याख्येने मीटरच्या अलीकडे सीमा पडते, दुसरीने मीटरच्या पलीकडे. या दोहोंच्या मध्ये उरते ती वीतभर जोडवायर आणि तिच्या मागची फळी, आणि जळाली ती नेमकी हीच जागा.

तिसरा पक्ष संस्थेचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांच्या यादीत 'सदनिकांमधील मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या वाहिन्या' असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मीटरपासून घराच्या मेन स्विचपर्यंतची केबल संस्थेची आणि त्यापुढचे सारे सभासदाचे. हा भाग आम्ही कधीच नाकारला नाही. परंतु उपविधी हे संस्था आणि तिचे सभासद यांच्यातील करार आहेत. संस्थेने मेन स्विचपर्यंतची वाहिनी सांभाळायची एवढ्यावरून तिने मीटरच्या अलीकडचे, कंपनीच्या सीलखालचेही सांभाळायचे असा अर्थ काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या करारावर स्वतःचा दावा सांगण्यासारखे आहे.

माझ्या मते या वादात निर्णायक ठरायला हवे ते सील. मीटर बसवण्याविषयीच्या २००६ च्या केंद्रीय विनियमांत सील लावण्याच्या जागांमध्ये मीटरच्या आवरणाबरोबर, टर्मिनलच्या झाकणाबरोबर मीटरची पेटीही मोजली आहे. ग्राहकाच्या मीटरचे सील फक्त कंपनीने काढायचे आणि ग्राहकाने ते कोणत्याही परिस्थितीत तोडायचे नाही, असेही बजावले आहे. मीटरशी छेडछाड करून वीज घेणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे. हे सारे योग्यच आहे, वीजचोरी रोखायलाच हवी. पण जी पेटी उघडण्यास मला कायद्याने मनाई आहे, तिच्या आतल्या स्क्रूंची, जोडवायरीची आणि त्या पेटीच्या वयाची जबाबदारी माझ्यावर कशी येते? पन्नास वर्षांपूर्वी ती पेटी कोणी विकत आणली हे आज कोणीही सिद्ध करू शकत नाही. आज ती कोणाच्या कुलपात आहे, हे मात्र सीलवरच्या क्रमांकावरून कोणालाही वाचता येते.

पेटी जुनी झाली म्हणजे नेमके काय बिघडते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि म्हणून सभांमध्ये 'इतकी वर्षे काही झाले नाही, आत्ताच काय होणार' हा युक्तिवाद चालून जातो. आम्हीही तो ऐकला. वास्तविक धोका असतो सैल जोडात. स्क्रूखालची तार वर्षानुवर्षे तापून आणि निवून ढिली होते. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना जोडलेले असतील तर जोड आणखी लवकर बिघडतो. दमट हवेने त्यावर गंज चढतो. समजा, अशा जोडाचा रोध एक दशांश ओहम झाला. १९७४ मध्ये आमच्या एका घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ मिळून तीन अँपिअरच्या आसपास प्रवाह जात असे, तेव्हा त्या जोडात जेमतेम एक वॅट उष्णता निर्माण झाली असती. आज त्याच जोडातून दीड टनाचा एसी, दोन किलोवॉटचा गीझर आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालतात, म्हणजे प्रवाह वीस अँपिअरच्या घरात जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे तेथे आता चाळीस वॅट तयार होतात. सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच शक्तीचे असते. ते लाकडाला टेकवून रोज रात्री तासन्‌तास सुरू ठेवल्यासारखी ही स्थिती आहे. यात फ्यूज जात नाही आणि एमसीबीही पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेच्या आतच असतो. फळी आतून कोळसा होत जाते आणि बाहेर कळायचे ते वासानेच कळते.

मीटर रूम जिन्याखाली असल्याने आमच्याकडे हा धोका दुप्पट होतो. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये जिन्यात विजेचे पॅनेल असू नये, असे म्हटले आहे. पण आमच्या इमारतीत तो विचार झालेला नाही. धूर वर चढतो आणि उतरण्याचा मार्ग एकच असतो. महाराष्ट्रातील २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये, असे वर्षातून दोनदा घ्यावे लागते. ते देणाऱ्या एजन्सीचा माणूस आमच्याकडे आला, त्याने मीटर रूमच्या दाराशी अग्निशामक नळकांडे टांगलेले आहे की नाही ते पाहिले आणि दार न उघडताच तो निघून गेला. सील पाहून तोही थांबला असावा, असे म्हणून मी त्याला संशयाचा फायदा देतो.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की, हे पत्र केवळ वीज कंपनीविरुद्ध आहे. तसे नाही. सील नसलेला जो भाग आमच्या अखत्यारीत होता त्याची आम्ही जी काळजी घेतली होती ती सांगायला लाज वाटते. त्या रात्री मीटर रूमचे दार उघडले तेव्हा आत तीन मोडक्या सायकली, संस्थेची जुनी दप्तरे आणि सार्वजनिक गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे छतापर्यंत रचलेले होते. मीटरपर्यंत पोहोचायला लाइनमनला आधी महिरप बाजूला करावी लागली. मागच्या भिंतीत वरच्या न्हाणीघराची ओल झिरपत होती, आणि ती भिंत निर्विवादपणे संस्थेची आहे. त्याहून गंभीर गोष्ट वायरमनने दाखवली. आमच्या मीटर बोर्डाची अर्थिंगची तार पूर्वी पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली होती. काही वर्षांपूर्वी संस्थेने गंजलेले नळ काढून प्लास्टिकचे बसवले. प्लंबरने तार नव्या नळाला तशीच, नीटनेटकी गुंडाळून ठेवली होती. त्या दिवसापासून इमारतीला त्या वाटेने अर्थिंग मिळत नव्हते आणि सोळा कुटुंबांपैकी कोणालाही ते कळले नाही. ग्राहकाच्या वापरासाठी अर्थ टर्मिनल देण्याचे कर्तव्य नियमांनी पुरवठादारावर टाकलेले आहे, हे खरे. पण नळ बदलण्याचा ठराव आमचा होता आणि त्यावर सही माझी होती.

वाढीव भाराचेही तसेच आहे. सोळापैकी अकरा घरांत एसी आहेत. मंजूर भार वाढवून घेण्यासाठी अर्ज केला आहे तिघांनी. ज्याने भार वाढवला आणि कळवला नाही त्याने पेटी अपुरी पडल्याबद्दल सारा दोष कंपनीला द्यावा, हे मला पटत नाही. भार वाढल्यामुळे जाड केबल किंवा मोठे स्विचगिअर लागत असेल तर आयोगाने मंजूर केलेल्या दराने त्याचा खर्च ग्राहकाकडून घेणे रास्त आहे, आणि विद्युत अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये अशा वसुलीला जागाही आहे. परंतु केवळ जीर्ण झाली म्हणून पेटी किंवा कटआऊट बदलायचा असेल तर तो खर्च निराळ्या खात्यातला आहे. कंपनीच्या मालमत्तेचा घसारा आणि तिच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च आयोग वीजदर ठरवतानाच हिशेबात धरतो, म्हणजे तो आपण सगळे दरमहा बिलातून भरतच असतो. ग्राहकाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर कंपनीला घसारा मिळत नाही, असा मुद्दा एका अभियंत्यांनी माझ्याशी बोलताना काढला आणि तो बरोबर आहे. तरी तिच्या देखभालीचा खर्च दरात धरला जातोच. तेव्हा त्याच देखभालीसाठी संस्थेकडे पुन्हा पंधरा हजारांप्रमाणे पैसे मागायचे असतील तर ते कोणत्या आदेशाखाली मागितले जात आहेत, हे लेखी सांगायला हवे. तोंडी सांगण्यात हीच सोय असते की, त्याला आव्हान देता येत नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत या साऱ्यावर कळस चढला. स्मार्ट मीटर बसवणारे दोन तरुण आमच्या इमारतीत आले. देशभरात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याची केंद्राची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. तिच्या गुणदोषांत मी शिरत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. मी फक्त पाहत उभा होतो. त्यांनी पेटीचे सील तोडले, जुना मीटर उतरवला, त्याच तडकलेल्या वायरी नव्या मीटरच्या टर्मिनलमध्ये सारल्या, त्याच काळ्या डागाशेजारी त्याच फळीत नवे स्क्रू पिळले, मोबाइलवर फोटो काढला, सील लावले आणि पुढच्या मीटरकडे वळले. एका मीटरला दहा-बारा मिनिटे लागली असतील. फळीचे काय, असे विचारल्यावर त्यांपैकी एकाने नम्रपणे सांगितले, "आमचं काम फक्त मीटर बदलायचं आहे, काका. फळीची एंट्री ॲपमध्ये नाही." मला त्याचा राग आला नाही. कंत्राटात जे लिहिले आहे ते तो करत होता. पण दूरवरच्या संगणकाला आपोआप वाचन कळवणारे यंत्र पन्नास वर्षांच्या कोळसत चाललेल्या लाकडावर ठोकले जाते आणि त्या लाकडाची नोंद करायला एक रकानाही नसतो, हे पाहून मी बराच वेळ तेथून हललो नाही.

ही अडचण आमच्यापुरती नाही. दक्षिण मुंबईतल्या पागडीच्या इमारतींत वीज ग्राहक भाडेकरू असतो, भिंत घरमालकाची असते आणि मोठी दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे जाते. तेथे फळीसाठी तीन दारे ठोठवावी लागतात. गावाकडे पडवीतल्या मीटरचे बिल अजून कैलासवासी आजोबांच्या नावे येते, तेव्हा अर्ज कोणी करायचा येथपासूनच सुरुवात असते. जुन्या नियमांत ग्राहकाच्या वायरिंगची तपासणी फार तर पाच वर्षांच्या अंतराने, विद्युत निरीक्षकाने किंवा शासन सांगेल त्याप्रमाणे पुरवठादाराने करावी, अशी तरतूद होती. आपल्या घरी अशी तपासणी झाल्याचे आठवणारा एक तरी वाचक असेल तर त्याने आपल्याच सदरातून जरूर कळवावे.

नियामक आयोगाकडे आणि वितरण कंपन्यांकडे माझे मागणे फार मोठे नाही. मीटर बदलताना पेटी उघडतेच. त्या वेळी पेटी, फळी, कटआऊट, जोडवायरी आणि अर्थिंग यांच्या स्थितीची नोंद करून तिची सही केलेली प्रत ग्राहकाला द्यावी, आणि कंपनीची हद्द कोठे संपते ते त्याच प्रतीवर रेघ ओढून दाखवावे. धोकादायक ठरलेली पेटी कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत बदलायची, यावर आयोगाने एक स्पष्ट आदेश काढावा. वाढीव भारामुळे होणारा बदल आणि जीर्णतेमुळे होणारा बदल यांत त्याने फरक करावा. आणि सर्वांत निकडीचे म्हणजे, ग्राहकाच्या ठेकेदाराला आपल्या भागाचे काम करता यावे म्हणून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी कंपनीचा माणूस येऊन सील काढेल आणि काम होताच पुन्हा लावेल, अशी साधी सोय करावी. खर्चाचा वाद चालत राहिला तरी चालेल. सीलमुळे दुरुस्तीच अडून राहू नये.

आमच्यापुरते सांगायचे तर, मीटर रूम रिकामी केली आहे, सायकली भंगारात गेल्या आणि मखर गच्चीवरच्या खोलीत हलवले. ओल आणणारी गळती बंद केली. जमिनीत स्वतंत्र अर्थिंग घेतले आणि त्याची तपासणी करून घेतली. ज्या घरांत नव्हते तेथे गळती प्रवाह रोखणारे आरसीसीबी बसवायला लावले. दोन सभासदांनी अजून दाद दिलेली नाही. मीटरपासून घरापर्यंतच्या केबली संस्थेच्या आहेत हे मान्य असल्याने सर्वसाधारण सभेच्या ठरावाप्रमाणे त्याही आणल्या आणि जिन्यालगतच्या नव्या पाइपांतून वरपर्यंत ओढून झाल्या. वरची टोके मेन स्विचला जोडायला तयार आहेत. खालची टोके मीटरला जोडण्यासाठी टर्मिनलचे झाकण उघडावे लागते आणि त्यावर सील आहे. सील काढून देण्यासाठी आणि फळीचा निर्णय लेखी कळवण्यासाठी छायाचित्रांसह दिलेल्या अर्जावर कंपनीच्या आवक विभागाचा शिक्का मार्चमध्ये पडला. त्यानंतर दोन स्मरणपत्रे दिली. उत्तर आले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाण्याचे आम्ही ठरवले आहे आणि तो अर्ज तयार आहे. तोवर नव्या केबलींची सोळा वेटोळी, टोकांना काळी टेप गुंडाळून, मीटर रूमच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली आहेत, आणि सोळाही घरांची वीज अजून जुन्याच वायरींतून जाते. तिसऱ्या रांगेतल्या त्या घरात एसी रात्री दहानंतरच लावायचा आणि त्या वेळी गीझर बंद ठेवायचा, असे ठरले आहे. झोपण्यापूर्वी मी एकदा खाली जाऊन मीटर रूमच्या दाराशी वास घेऊन येतो.

आपला विश्वासू,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव,
मुंबई उपनगर